रॅम टाकल्यावर जुना लॅपटॉप चालू होत नाही किंवा वाढवलेली रॅम दिसत नाही, काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते कळेल.

नवीन रॅम टाकली, झाकण लावलं, बटण दाबलं, पंखा फिरतोय, लाइट पण लागलाय आणि स्क्रीन काळी ती काळीच. हे सगळ्यात कॉमन. सोबत कधी बीप वाजतात, कधी कॅप्स लॉकचा लाइट ठरावीक वेळा लुकलुकतो. दुसरा प्रकार म्हणजे चालू होतो, दोन-चार सेकंदांत आपोआप बंद, परत चालू, परत बंद, असं चक्रच लागतं. तिसऱ्यात लॅपटॉप मस्त चालतो पण ८ जीबी करून सुद्धा ४च दिसते, किंवा ८ लिहिलेलं असतं आणि पुढे वापरण्याजोगी म्हणून तीन पॉइंट काहीतरी. आणि चौथा प्रकार सगळ्यात त्रासाचा, दोन दिवस नीट चालतो आणि मग मध्येच निळी स्क्रीन, ब्राउझरचे टॅब उडतात, कॉपी केलेली झिप फाइल उघडतच नाही. या चौथ्यात लोक व्हायरस समजून विंडोज दोन-दोनदा टाकतात आणि प्रॉब्लेम तिथंच राहतो, कारण खराबी विंडोजमध्ये नसतेच.

मी नाशिकच्या सातपूरला एका कंपनीत मेन्टेनन्सला आहे, लॅपटॉप रिपेअर हा माझा धंदा नाही. पण गेली सहा-सात वर्षं शेजारीपाजारी, कंपनीतली मंडळी, बहिणीच्या सासरचे, सगळे रविवारी हेच घेऊन येतात, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून तर जास्तच, कारण जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, मग निदान रॅम वाढवून किंवा लिनक्स टाकून मुलांना वापरता येईल असा विचार लोक करतात आणि तो बरोबरच आहे. माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेक वेळा ना रॅम खराब निघाली ना मदरबोर्ड. रॅम नीट बसलेली नव्हती नाहीतर चुकीची घेतली होती. म्हणून कोणी पहिल्याच मिनिटाला ‘बोर्ड गेला’ म्हटलं तर लगेच मान डोलवू नका, खालचं सगळं आधी करून बघा, यातलं निम्मं फुकट आहे.

काही उघडायच्या आधी

पहिली गोष्ट, थांबा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना लॅपटॉप नवीन मेमरी तपासून घेतो, त्यात स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, एखादा लॅपटॉप एकदा स्वतःहून रीस्टार्ट पण होतो. पूर्ण एक मिनिट हात लावू नका. लोक दहा सेकंदांत बटण दाबून बंद करतात आणि परत परत तेच करत बसतात. काही मॉडेलला ‘मेमरीचं प्रमाण बदललंय’ असा इंग्रजी मेसेज येऊन थांबतं, तो एरर नाहीये, त्यात सांगितलेली की दाबली, बहुतेक एफ१, की पुढे जातं.

बीप वाजत असतील तर मोजा, चक्क कागदावर लिहा. डेलच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपला २ बीप म्हणजे रॅम सापडतच नाहीये आणि ४ म्हणजे सापडली पण वाचता-लिहिता येत नाहीये. एचपीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलला कॅप्स लॉक ३ वेळा लुकलुकला तर मेमरीचाच प्रॉब्लेम. मोजायचं कशासाठी, तर सापडत नाही म्हणजे बहुतेक बसवण्यात चूक आणि वाचता येत नाही म्हणजे घाण, चुकीचा प्रकार किंवा खरंच खराब रॅम, दिशा इथंच ठरते.

लॅपटॉप चालू होतोय पण रॅम कमी दिसतेय, असं असेल तर स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा (चालू करताना एफ२, एफ१० किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बदलतं) आणि तिथं किती मेमरी लिहिलीय ते बघा. बायोसला पूर्ण ८ दिसतेय आणि विंडोजला नाही, तर हार्डवेअर ठीक आहे, गडबड विंडोजमध्ये. बायोसलाच कमी दिसतेय तर झाकण उघडावं लागणार. या एका चेकने अर्धी शोधाशोध वाचते.

विंडोजमधली कारणं ठरलेली आहेत. सगळ्यात जास्त भेटतं ते ३२ बिट विंडोज, ते ४ जीबीच्या वर जातच नाही आणि त्यातलीही तीन-साडेतीनच हाताला लागते, कितीही रॅम टाका. ६४ बिट टाकायला लागतं आणि ते वरच्यावर अपडेट होत नाही, फॉरमॅट करूनच, म्हणून डेटा आधी काढून घ्या. विंडोज ७ वाले अजून असतील तर होम बेसिक ६४ बिटला ८ जीबी आणि होम प्रीमियमला १६ जीबी मर्यादा आहे, स्टार्टरला तर फक्त २. हे नसेल तर विंडोज की आणि आर दाबून एमएसकॉन्फिग उघडा, बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं ‘मॅक्झिमम मेमरी’ला टिक असेल तर काढून रीस्टार्ट करा. ‘असं केलं की लॅपटॉप फास्ट होतो’ असे व्हिडिओ बघून कोणीतरी कधीतरी ती टिक केलेली असते. आणि ८ पैकी ७.८ किंवा थोडी अजून कमी दिसत असेल तर काळजी नको, तेवढी ग्राफिक्सने घेतलेली असते.

उघडताना

शटडाउन करताना शिफ्ट धरून शटडाउन करा. विंडोज ८ आणि १० चं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साध्या शटडाउनमध्ये विंडोजचा काही भाग डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो, रॅम बदलली की उठताना गोंधळ होऊ शकतो. मग चार्जर काढा, बॅटरी काढा, आणि पॉवर बटण वीस सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बॅटरी आतमध्ये असेल तर झाकण काढल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर काढा, रॅमला हात नंतर. चालू बोर्डवर रॅम काढली-घातली तर खरंच बोर्ड जाऊ शकतो.

अंगावरच्या स्टॅटिकचं लोक मनावर घेत नाहीत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा खाली जातो त्या दिवसांत हवा अगदी कोरडी असते, स्वेटर काढताना केस उभे राहतात, चटचट आवाज येतो, तीच वीज रॅमच्या चिपला मारू शकते आणि आपल्याला कळतही नाही. स्वेटर, ब्लँकेट, सतरंजी यापासून लांब, साध्या लाकडी टेबलावर बसा, लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टच्या धातूच्या कडेला हात लावा मगच रॅम उचला, आणि उचलताना कडेनं धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको.

आता आत काय करायचं

सगळ्यात आधी जुनी रॅम जशी होती तशी परत लावा आणि चालू करा. नवीन रॅमशी झटापट करण्याच्या आधी हेच. जुनीवर चालू झाला तर बोर्ड, डिस्प्ले, पॉवर सगळं शाबूत आहे आणि प्रश्न फक्त नवीन रॅमचा उरतो. इंदिरानगरच्या एका काकूंच्या मुलीचा इंजिनिअरिंगचा लॅपटॉप असाच आला होता, रॅम वाढवायला दिला आणि दुकानातून निरोप आला की मदरबोर्ड गेलाय, काकू अक्षरशः रडकुंडीला आलेल्या, कारण सबमिशन तोंडावर. जुनी ४ जीबी तिनं पेन्सिलीच्या डबीत जपून ठेवली होती म्हणून वाचलं, ती लावली आणि लॅपटॉप पहिल्या झटक्यात चालू. त्यामुळं जुनी रॅम दुकानात सोडून येऊ नका, मागून घ्या.

आता बसवणं, आणि इथं जरा वेळ द्या, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त चुका इथंच असतात. लॅपटॉपची रॅम सरळ वरून दाबायची नसते. साधारण तीस अंशात तिरकी धरायची, खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवायचा, आणि तिरकीच आत ढकलायची, ती सुद्धा दोन्ही अंगठ्यांनी सारख्या जोरात, सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत. मगच खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिप खटकन लागल्या पाहिजेत. दोन्ही बाजूच्या. गंमत अशी की अर्धवट आत गेलेली रॅम सुद्धा खाली दाबली की क्लिपमध्ये बसल्यासारखी दिसते. सिडकोतल्या एका मित्राच्या लॅपटॉपवर मी स्वतः पाऊण तास घालवला, वरून बघितलं तर अगदी सपाट बसलेली, मग मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघितलं तेव्हा कळलं की डाव्या टोकाला सोनेरी पट्टी नखाएवढी जास्त बाहेर आहे आणि उजवीकडे नाही. काढली, परत तिरकी ढकलली, आत जाताना हाताला एक हलकासा धक्का जाणवला, क्लिप लागल्या, चालू. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी टॉर्च आडवाच धरतो. तुटेल म्हणून लोक जोर लावत नाहीत, पण खाच जुळलेली असेल तर तेवढा जोर रॅम आरामात सोसते. खाच जुळत नसेल तर मात्र अजिबात दाबू नका, ती रॅम त्या लॅपटॉपची नाहीच.

बसवून झालं तरी नाही, तर साफसफाई. पंचवटीत ओळखीच्या एका भाऊंची पिठाची गिरणी आहे, हिशोबाचा लॅपटॉप तिथंच काउंटरवर असतो. झाकण उघडलं तर आत बारीक पांढरा थर, रॅमच्या स्लॉटच्या फटीत पीठ बसलेलं आणि पावसाळ्यात ओल धरून त्याची चक्क खळ झालेली. मऊ कोरडा पेंटब्रश घेऊन एकाच दिशेनं झटकत झटकत पंधरा मिनिटं साफ केलं, रॅमच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या पुसल्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून शेवटचा हात, दहा मिनिटं वाळू दिलं आणि त्याच रॅमवर, जिला ते खराब समजत होते, लॅपटॉप चालू झाला. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये वापरलेल्या लॅपटॉपमध्ये पिठाऐवजी काळी तेलकट धूळ निघते, काम तेच. खोडरबर स्लॉटच्या जवळ नको, त्याचा चुरा आत गेला की नवीन दुखणं. पॉलिश पेपर, थिनर, पेट्रोल, ओलं फडकं यातलं काही वापरायचं नाही, पट्टीवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की एकदा घासला गेला की खालचा धातू गंजायला लागतो. तोंडानं फुंकर पण नको, थुंकीचे थेंब जातात.

यानंतर एक-एक करून. दोन रॅम आणि दोन स्लॉट असतील तर रॅम क्रमांक एक पहिल्या स्लॉटमध्ये, मग तीच दुसऱ्यात, मग रॅम क्रमांक दोन तशीच, एकूण चार वेळा चालू करून बघायचं आणि कागदावर हो-नाही लिहायचं. कंटाळवाणं आहे पण उत्तर पक्कं मिळतं. एक रॅम दोन्हीकडे चालत नाही तर रॅम खराब किंवा चुकीची, एका स्लॉटमध्ये दोन्ही चालत नाहीत तर स्लॉट खराब. दोन्ही वेगवेगळ्या चालतात पण एकत्र नाही, तर त्यांचं आपसात जमत नाहीये, म्हणजे व्होल्टेज किंवा चिपची रचना वेगळी. स्पीड वेगळा असणं हे सहसा कारण नसतं, १६०० ची आणि १३३३ ची एकत्र लावली तर दोन्ही १३३३ वर चालतात. ४ आणि ८ असं विषम पण चालतं. काही मॉडेलमध्ये दुसरा स्लॉट कीबोर्डच्या खाली असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर ‘एकच स्लॉट आहे’ म्हणून बसाल.

लेबल वाचा, पैसे इथंच वाया जातात

वरचं सगळं करून नवीन रॅम चालतच नाही आणि जुनी चालतेय, तर दोन्हींची लेबलं शेजारी शेजारी ठेवा. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळं एकमेकांत बसतच नाहीत (लॅपटॉपच्या डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०). खरी फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल मध्ये, कारण पिना तेवढ्याच, खाच तिथंच, दिसायला एकसारख्या, पण साधी १.५ व्होल्टची आणि एल वाली १.३५ व्होल्टची. इंटेलचे २०१३ च्या आसपास आलेले चौथ्या पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर १.३५ वालीच मागतात. त्यात साधी डीडीआर३ टाकली की बसते अगदी छान, आणि स्क्रीन काळी. लेबलवर पीसी३ लिहिलंय का पीसी३एल एवढं एक अक्षर बघायचं. पिढी कळते प्रोसेसरच्या नंबरवरून, आय५-४२१०यू मधला ४ म्हणजे चौथी, आय३-२३५०एम मधला २ म्हणजे दुसरी. सेलेरॉन एन२८४० सारखे त्या काळातले स्वस्त लॅपटॉप पण एलच घेतात. उलट बाजूनं अडचण नाही, डीडीआर३एल १.५ व्होल्टवर पण चालते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला सुद्धा मी एलच घ्यायला सांगतो, चुकायची भीती नाही.

मग मर्यादा. आय३-आय५ ची पहिली पिढी एकूण ८ जीबीपर्यंत, म्हणजे ४ अधिक ४, त्यात ८ ची एक स्टिक (रॅमची एक पट्टी) चालणार नाही. दुसऱ्या ते चौथ्या पिढीला दोन स्लॉट असतील तर ८ अधिक ८. कोअर टू ड्युओच्या शेवटच्या काळातले लॅपटॉप ८ पर्यंत जातात, पण त्यांना ४ जीबीची स्टिक सोळा चिपवालीच लागते, दोन्ही बाजूंना आठ-आठ. आठच चिप असलेली ४ जीबीची रॅम नवीन लॅपटॉपमध्ये पळते आणि यांच्यात अजिबात नाही, मग आपण म्हणतो रॅम खराब दिली. चिप मोजणं फुकट आहे, घेतानाच मोजा.

एम.जी. रोडला किंवा कुठंही घ्यायला जाल तर तोंडी ‘लॅपटॉपची डीडीआर३ द्या’ म्हणू नका. जुनी रॅम खिशात घेऊन जा, नाही जमलं तर लेबलचा स्पष्ट फोटो, आणि ‘लावून बघतो, नाही चालली तर बदलून द्याल ना’ हे पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या. सेकंडहँड घेताना तर हे नक्कीच, जुन्या डीडीआर३ च्या बाबतीत सेकंडहँड घ्यायला माझी ना नाही, चांगल्या निघतात.

रॅम बरोबर आहे, तरीही नाही

बायोसच्या जुन्या सेटिंगचा गोंधळ असू शकतो. बोर्डवरचा नाण्याएवढा सेल, बहुतेक सीआर२०३२, पाच-दहा मिनिटं काढून परत लावा. जुन्या लॅपटॉपमध्ये तो संपलेला पण असतो, तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर नवीनच टाका. काही लॅपटॉपमध्ये हा सेल वायरवाला असतो, ओढून तोडू नका.

बायोस अपडेटनं कधी कधी रॅम ओळखायला लागते हे खरं, पण हे मी अगदी शेवटी आणि घाबरत घाबरतच करतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते आणि पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, अपडेट चालू असताना वीज गेली की लॅपटॉप खरोखर गेला. बॅटरी किमान अर्धा तास टिकत नसेल तर करूच नका, किंवा इन्व्हर्टर असेल अशा घरी जाऊन करा.

चौथ्या लक्षणाला, म्हणजे मध्येच निळी स्क्रीन येते त्याला, मेमरी टेस्ट लावा. विंडोजमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ असतंच, पण मी पेनड्राइव्हवर मेमटेस्ट नावाचा रॅम तपासायचा प्रोग्राम घेऊन रात्री लावून झोपतो, ८ जीबीची एक फेरीच जुन्या मशीनवर बराच वेळ खाते. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी एक-एक स्टिक वेगळी लावून परत टेस्ट. एकच तर एरर आहे म्हणून सोडून देऊ नका, त्या एका चुकीच्या जागेतून तुमच्या फोटोंची, हिशोबाची फाइल जाते आणि बिघडूनच डिस्कवर सेव्ह होते, कळतं ते सहा महिन्यांनी.

कुठं थांबायचं

झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर तिथंच थांबा, रॅमचा विषय नंतर, दाबू नका, टोचू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. जळका वास आला, स्लॉटची पिन वाकलेली किंवा क्लिप तुटलेली दिसली, चहा-पाणी सांडल्याचा डाग दिसला, कीबोर्ड काढल्याशिवाय दुसरा स्लॉट मिळतच नाही आणि ती कागदासारखी पातळ पट्टी काढायचा हाताला सराव नाही, यातलं काहीही असेल तर कारागिराकडे द्या. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असेल तर घरी काही होणार नाही. आणि जुनी रॅम, साफसफाई, दोन्ही स्लॉट, सेल काढून बघणं, एवढं सगळं करून जुन्या रॅमवर सुद्धा चालू होत नसेल तर मग खरंच बोर्डचं काम आहे. स्लॉट बदलणं होतं, पण हॉट एअरचं काम आहे, चांगला हात असलेलाच करतो, म्हणून आधी खर्च विचारा आणि तेवढ्यात सेकंडहँड लॅपटॉप येतो का ते बघा.

देताना वरचा हो-नाहीचा कागद सोबत द्या, त्याचा तपासायचा वेळ वाचतो. आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून घरी ठेवा, रॅमच्या कामाला ती लागत नाही. तुमचा सगळा डेटा तिच्यातच असतो, रॅममध्ये काही साठून राहत नाही, त्यामुळं स्क्रीन काळी असली तरी फोटो आणि हिशोब जागच्या जागी आहेत, साध्या यूएसबी केसमध्ये डिस्क घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावली की सगळं दिसतं. गिरणीवाल्या भाऊंना मी झाकण उघडायच्या आधी हेच करून दाखवलं होतं, मग ते निवांत शेजारी बसले.